हॉर्स्टेड केन्सचं जुनं स्टेशन : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लंडनच्या आसपास नव्यानं राहायला आलेल्या मराठी घरांत उन्हाळ्यात एक प्रश्न ठरलेला असतो. आई-बाबा आलेत, टॉवर ब्रिज झाला, राजवाड्याचं फाटक झालं, आता कुठे न्यायचं? माझं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे : ससेक्सच्या रानात, ब्लूबेल रेल्वेवरच्या हॉर्स्टेड केन्सला. वाफेच्या गाड्या चालवणाऱ्या जुन्या लाइनी इंग्लंडात पुष्कळ आहेत. पण लंडनहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, गाडी चालवता येत नसली तरी जमेल आणि म्हाताऱ्या माणसांनाही झेपेल, अशी ही सगळ्यात सोयीची.

तिथे जाणारे बहुतेक जण मात्र गाडीत बसतात, शेवटच्या स्टेशनापर्यंत जातात, चहा पितात आणि त्याच गाडीनं परत येतात. म्हणजे मधलं स्टेशन खिडकीतूनच बघून होतं. पाहण्यासारखं तर तेच आहे! म्हणून हा सगळा लेख एका गोष्टीभोवती आहे : हॉर्स्टेड केन्सला उतरा आणि निदान एक गाडी जाऊ द्या.

1. आधी नकाशा डोक्यात बसवा

लाइन साधारण अकरा मैलांची, म्हणजे पावणेअठरा किलोमीटर. उत्तरेकडून दक्षिणेकडे स्टेशनं अशी : ईस्ट ग्रिन्स्टेड, किंग्सकोट, हॉर्स्टेड केन्स, शेफिल्ड पार्क. बस, चारच.

इथे दोन घोटाळे होतात. पहिला, शेफिल्ड पार्कचा शेफिल्ड शहराशी काहीही संबंध नाही. ते शहर दूर उत्तरेला यॉर्कशरमध्ये आहे आणि हे स्टेशन दक्षिणेला ईस्ट ससेक्समध्ये. फोनवर घाईघाईत "शेफिल्ड" टाकून तिकीट शोधलंत, तर भलतीकडची आणि भलत्या किमतीची तिकिटं समोर येतील. दुसरा घोटाळा असा की हॉर्स्टेड केन्सला आता नेहमीची राष्ट्रीय रेल्वे जात नाही. प्रवासाच्या अ‍ॅपमध्ये ते नाव टाकलं तर काही हाती लागणार नाही. तुम्हाला तिकीट हवं ते ईस्ट ग्रिन्स्टेडचं. तिथून पुढची गाडी वेगळ्या संस्थेची आणि तिचं तिकीटही वेगळं.

आणखी एक. "हेरिटेज ट्रेन" म्हटलं की आपल्याकडे माथेरानची गाडी डोळ्यांपुढे येते. ही तशी नाही. माथेरानच्या रुळांमध्ये दोन फुटांचं अंतर आहे, इथे चार फूट साडेआठ इंचांचं, इंग्लंडच्या नेहमीच्या गाड्यांचं असतं तेवढंच. म्हणजे इंजिन पूर्ण आकाराचं. लहान मुलांना आधी सांगून ठेवा, कारण फलाटावर ते जवळ आलं की काही मुलं घाबरून रडतात.

2. दिवस ठरवा, मग बाकी सगळं

ही गाडी वर्षभर रोज धावत नाही. हिवाळ्यात कित्येक दिवस बंदच असते, इतर वेळीही आठवड्यातले काही वार सुटलेले असतात. त्यांच्या संकेतस्थळावरचं दिनदर्शिकेचं पान उघडा आणि तुमच्या तारखेला कोणतं वेळापत्रक लागू आहे ते पाहा. वेगवेगळ्या दिवसांची वेळापत्रकं वेगवेगळी असतात. कधी दिवसाला चार-पाच फेऱ्या, कधी त्याहून कमी. मधल्या स्टेशनावर उतरायचं असेल तर हा फरक फार मोठा. दोन गाड्यांमध्ये तासाभराहून जास्त अंतर असेल तर दिवसाचा आराखडा त्यावरच बेतावा लागतो.

त्या दिवशी सगळ्या फेऱ्या वाफेच्या आहेत ना, हेही बघा. काही दिवशी एखादी फेरी डिझेलवर असते. बाबांना "कोळशाचं इंजिन" दाखवायला नेलं आणि समोर डिझेल आलं, तर परतीच्या वाटेवर घरातलं वातावरण काय असेल ते मी सांगायला नको.

सगळ्यात सुंदर काळ एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. लाइनला ज्या फुलांचं नाव मिळालं ती निळी रानफुलं तेव्हा रुळांलगतच्या झाडीत फुललेली असतात. गर्दीही तेव्हाच. डिसेंबरमध्ये सांताक्लॉजच्या खास गाड्या असतात. त्यांचं आरक्षण बरंच आधी करावं लागतं आणि त्या दिवशी मनाला येईल तिथे उतरता येईल असं गृहीत धरू नका. स्टेशन निवांत बघायचं असेल तर माझी पसंती सप्टेंबरातल्या आठवड्याच्या मधल्या वाराला.

3. तिकिटं काढा, दोन वेगवेगळी

लंडन ते ईस्ट ग्रिन्स्टेड हे नेहमीच्या रेल्वेचं तिकीट. व्हिक्टोरिया स्टेशनवरून सदर्न कंपनीची गाडी मिळते, साधारण तासाभराचा प्रवास. लंडनमधल्या ऑयस्टर कार्डावर अवलंबून राहू नका, ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंतचं तिकीटच काढा. विद्यार्थी असाल आणि तुमच्याकडे 16 ते 25 वयाचं रेलकार्ड असेल, किंवा दोघांचं मिळून "टू टुगेदर" असेल, तर सवलत इथे मिळते. दक्षिण-पूर्व भागासाठीचं नेटवर्क रेलकार्डही चालतं, फक्त कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या आधी ते लागू होत नाही.

ब्लूबेलचं तिकीट त्यांच्या संकेतस्थळावर किंवा खिडकीवर. दिवसभर हवं तितक्या वेळा चढता-उतरता येतं का, हे पैसे भरण्यापूर्वी वाचा, कारण आपला सगळा बेत त्यावर उभा आहे. खास जेवणाच्या गाड्यांचं तिकीट निराळं असतं. पुलमन म्हणजे जुन्या थाटाच्या आलिशान डब्यांतलं ते पंक्तीचं जेवण छान असतं, पण त्या तिकिटावर मधे उतरून भटकता येत नाही.

पैसे भरताना "गिफ्ट एड"चा पर्याय दिसला आणि तुम्ही इथे आयकर भरत असाल, तर हो म्हणायला हरकत नाही. तुमच्या देणगीच्या प्रत्येक पौंडामागे धर्मादाय संस्थेला सरकारकडून 25 पेन्स मिळतात, तुमच्या खिशातून जास्तीचं काही जात नाही. भेटीला आलेल्या आई-बाबांच्या नावानं मात्र ही खूण करू नका. ते इथले करदाते नाहीत.

4. सोबत काय घ्यायचं

कागद आणि पाकिटात :
– दोन्ही तिकिटं, फोनवर असतील तर त्यांचे स्क्रीनशॉटसुद्धा (रानात नेटवर्क जातं-येतं)
– रेलकार्ड, विद्यार्थी असाल तर ओळखपत्र
– बँकेचं कार्ड आणि थोडे सुटे पौंड
– त्या दिवशीच्या वेळापत्रकाचा फोटो

पासपोर्ट लागत नाही. पाहुणे मंडळी हट्टानं बरोबर घेतात, तो घरीच राहू द्या.

पिशवीत : पावसाचं जाकीट (आकाश कितीही निळं असो), पाण्याची बाटली, ओले रुमाल. पांढरे किंवा फिक्या रंगाचे कपडे नकोत. इंजिनाजवळच्या डब्यात खिडकी उघडी असेल तर कोळशाची काजळी अंगावर येते आणि ती चोळली की पसरते. झटका, चोळू नका. मुलांना डोळे चोळू देऊ नका.

व्हीलचेअर असेल तर आधी फोन करून विचारा. सगळ्याच जुन्या डब्यांत ती चढत नाही, पण आगाऊ कळवलं तर ते लोक नीट सोय करतात. गुडघेदुखीच्या माणसांसाठी एवढंच सांगते : डब्याची पायरी उंच असते, फलाट आणि डब्यामधली फटही आपल्या अंदाजाहून मोठी. हात धरायला कुणीतरी मागे असू द्या.

5. ईस्ट ग्रिन्स्टेडपासून : खिडकीतून काय बघायचं

ईस्ट ग्रिन्स्टेडला उतरून बाहेर आलात की पाट्या पाहत चाला, ब्लूबेलचा फलाट दोन-चार मिनिटांवर आहे. हे स्टेशन नवं बांधलेलं, त्यामुळे इथे फार रेंगाळू नका. गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी पोचलात तर इंजिन गाडीच्या एका टोकाला सुटून बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला येतं आणि जोडलं जातं, ते बघायला मिळेल. जोडणारा माणूस रुळात उतरून जाडजूड कडी हातानं अडकवतो.

गाडी सुटली की लगेच उंच पूल येतो आणि त्यापुढे इम्बरहॉर्नची खोल खोदाई. लाइन बंद पडल्यावर या खोदाईत गावचा कचरा टाकून ती भरून काढली होती. पुन्हा रूळ घालण्यासाठी तो सगळा कचरा उपसावा लागला, त्यातला बराचसा रेल्वेनंच वाहून नेला. म्हणून ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत गाडी यायला 2013 चा मार्च उजाडला. बाहेर आता फक्त हिरवे उतार दिसतात, कुणाला सांगून पटायचं नाही.

मग किंग्सकोट. हे 1950 च्या दशकातल्या ब्रिटिश रेल्वेसारखं सजवलेलं आहे. पुढे वेस्ट होथली नावाचं स्टेशन होतं, ते 1967 मध्ये पाडलं. त्यानंतर शार्पथॉर्नचा बोगदा, 731 यार्डांचा, म्हणजे पावणेसातशे मीटरच्या आसपास. बोगद्यात शिरण्यापूर्वी खिडकी वर करा. नाही केलीत तर सगळा धूर आत.

डब्यांबद्दल दोन सूचना. एक, काही डब्यांना आत मार्गिका नसते, प्रत्येक खोलीला स्वतःचा दरवाजा आणि तो थेट फलाटावर उघडतो. अशा डब्यात स्वच्छतागृह नाही आणि चालत्या गाडीत दुसरीकडे जायची सोयही नाही. मुलांना चढण्यापूर्वी जाऊन येऊ द्या. दोन, दरवाज्याला आतून मूठ सापडली नाही तर गोंधळू नका. खिडकीची काच खाली सरकवायची आणि हात बाहेर काढून बाहेरची मूठ फिरवायची. गाडी पूर्ण थांबल्यावरच. न जमलं तर गप्प बसू नका, फलाटावरच्या माणसाला हाक मारा, हे त्यांना रोजचं आहे.

दारांवर "3" असा आकडा दिसेल. तो थर्ड क्लास. ब्रिटनमध्ये 1956 पर्यंत हा वर्ग होता, म्हणजे स्वातंत्र्यानंतर काही वर्षं दोन्हीकडे लोक थर्डातूनच फिरत होते. इथले थर्डचे बाक मात्र गादीचे. माझ्या सासऱ्यांनी त्यावर हात फिरवून "आमच्या वेळी फळ्या होत्या" एवढंच म्हटलं आणि पुढचा अर्धा तास भुसावळच्या गोष्टी सांगितल्या.

6. हॉर्स्टेड केन्सला उतरा

इथे उतरलात की तुमच्या गाडीला जाऊ द्या. ती धूर सोडत वळणाआड गेली की स्टेशन एकदम शांत होतं.

पहिल्यांदा आकार बघा. आजूबाजूला गाव नाही, खेडं मैलभर लांब, भोवती शेतं आणि झाडी, आणि मधे गाड्यांसाठी पाच फलाट. हे कशासाठी? इथे दोन लाइनी मिळत होत्या म्हणून. लुईस ते ईस्ट ग्रिन्स्टेड ही लाइन 1882 मध्ये सुरू झाली आणि 1883 मध्ये हेवर्ड्स हीथ या जवळच्या शहराकडून आर्डिंगलीमार्गे दुसरी येऊन मिळाली. त्या दुसऱ्या लाइनीवर 1935 पासून विजेची गाडीसुद्धा यायची. 1963 मध्ये ती बंद झाली. हा भाग पुढे फारसा वाढला नाही, म्हणूनच हे स्टेशन आज असं उरलं आहे.

स्टेशनाची सजावट जुन्या सदर्न रेल्वे कंपनीच्या काळाची, म्हणजे दोन महायुद्धांमधली. हिरवा आणि फिकट पिवळसर रंग, पत्र्यावर मुलामा दिलेल्या जुन्या जाहिराती, फलाटावर चामड्याच्या पेट्यांची रास. थंडीत प्रतीक्षालयात खरी शेकोटी पेटलेली असते. इथे टीव्हीवरच्या एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेचं चित्रीकरण झालं आहे, त्यामुळे काहींना हे स्टेशन कुठेतरी पाहिल्यासारखं वाटेल.

आता ज्यासाठी थांबायचं ते. पुढची गाडी यायच्या दहा मिनिटं आधी सिग्नलच्या केबिनकडे नजर ठेवा. लाइन एकेरी आहे, दोन्ही बाजूंच्या गाड्या एकमेकींना इथे ओलांडतात. एकेरी भागात शिरायचं तर चालकाकडे त्या भागाचं टोकन, म्हणजे परवान्याची खूण, हवं. भारतात छोट्या स्टेशनवर चालकाच्या हाती द्यायचा गोळा ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं समजवायला नको, तत्त्व तेच. एका वेळी टोकन एकच मिळतं, ते ज्याच्या हातात तोच पुढे जाणार, म्हणून दोन गाड्या समोरासमोर येणं अशक्य. केबिनमध्ये लोखंडी दांडे ओढल्याचा खणखणाट येतो, तारा ताणल्या जातात, सिग्नलचा हात हलतो. मग शिट्टी. दोन्ही गाड्या एका वेळी फलाटावर उभ्या राहिल्या की फोटो काढा. ही संधी मिनिट-दोन मिनिटांची.

फलाट बदलायला जमिनीखालून भुयारी वाट आहे, पायऱ्यांची. रुळ ओलांडून जायचा मोह होतो, रिकामे दिसतात म्हणून. तसं करू नका. ते चालू रूळ आहेत आणि स्वयंसेवक इथे कडक बोलतात. डबे दुरुस्त करणारी कार्यशाळाही इथेच, वरच्या गॅलरीतून पाहायची सोय आहे. नुसता लाकडी सांगाडा उरलेल्या डब्याशेजारी नवा रंग लावलेला डबा उभा असतो. माझ्या मते म्युझियमपेक्षा ही जागा भारी.

टोपी-कोट घातलेली, रंगवणारी, तिकिटं तपासणारी बहुतेक माणसं पगारी नाहीत. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, खरे रेल्वेवाले, शनिवार-रविवारी येणारी तरुण मुलंही. "हे काय आहे?" एवढं विचारा, पुढचं ते सांगतील. लवकर सुटका मात्र होत नाही.

त्यांना लाइन वाचली कशी हे विचाराच. थोडक्यात असं : ब्रिटिश रेल्वेनं 1955 च्या मेमध्ये ती बंद केली. जवळच्या चेली गावच्या मिस मॅज बेसेमर यांनी लाइनीचा मूळ कायदा वाचून काढला. त्यात रोज ठरावीक चार गाड्या चालवण्याचं बंधन होतं. रेल्वेला 1956 च्या ऑगस्टमध्ये लाइन पुन्हा उघडावी लागली आणि ती इतक्या नाखुशीनं चालवली की लोकांनी तिला "रुसलेली सेवा" म्हटलं. संसदेकडून ते बंधन काढून घेऊन 1958 च्या मार्चमध्ये पुन्हा टाळं लावलं. पण तोवर लाइनीचं नाव झालं होतं. 1959 मध्ये हौशी मंडळींनी संस्था काढली, 7 ऑगस्ट 1960 ला शेफिल्ड पार्कहून पहिली गाडी सुटली. इथे प्रत्यक्ष हॉर्स्टेड केन्सच्या फलाटापर्यंत यायला त्यांना आणखी काही काळ लागला. किंग्सकोट 1994 मध्ये जोडलं गेलं.

वेळ असेल तर गावात चालत जा. तिथल्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांची कबर आहे. 1958 च्या जानेवारीत भारतभेटीवर आलेले ते पहिले पदावरचे ब्रिटिश पंतप्रधान. रस्त्याला सगळीकडे पदपथ नाही, लहान मुलं बरोबर असतील तर हा फेरा सोडून द्या.

7. शेफिल्ड पार्क, आणि पोटाचं

पुढची गाडी पकडून शेफिल्ड पार्कला जा. हे स्टेशन 1880 च्या दशकासारखं. इथे इंजिनांची शेड आहे, 1870 च्या दशकात बांधलेली छोटी "टेरियर" जातीची इंजिनंही या लाइनीवर आहेत. म्युझियम, पुस्तकांचं दुकान, खानावळही इथेच. दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची शेफिल्ड पार्क बाग आहे, तिचं तिकीट वेगळं. दोन्ही एका दिवसात करायचं तर बाग हॉर्स्टेड केन्सचा वेळ खाते. मी तरी बाग दुसऱ्या दिवसावर ढकलते.

शाकाहारी माणसाला मिळतं : चीज सँडविच, केक, स्कोन, चहा. उपवास असेल किंवा कांदा-लसूण चालत नसेल तर घरूनच डबा आणा. ठेपले, पराठे, शेंगदाण्याची चटणी, हे सगळं हॉर्स्टेड केन्सला बाहेर बसून खाता येतं. लोणच्याची बरणी डब्यात उघडू नका, गादीच्या बाकांवरचा तेलाचा डाग कुणीतरी महिनाभर काढत बसेल. कचरा आपल्यासोबत परत न्या.

शेफिल्ड पार्कहून निघताना इंजिनाच्या जवळच्या डब्यात बसा. फ्रेशफिल्डचा चढ लागतो, 75 फुटांमागे 1 फूट. आकडा छोटा वाटतो, पण भरलेली गाडी ओढताना इंजिनाची धाप इथेच नीट ऐकू येते.

8. परतीची गाडी चुकवू नका

फलाटावर उतरल्याबरोबर त्या दिवशीची उत्तरेकडे जाणारी शेवटची गाडी विचारून घ्या, फोनच्या घड्याळात गजर लावा. ती दुपारच्या शेवटी किंवा संध्याकाळच्या सुरुवातीलाच जाते आणि तिच्यामागे दुसरी नाही. हॉर्स्टेड केन्सबाहेर रिक्षासारखं काही उभं नसतं. टॅक्सी बोलवावी लागते आणि तीही हेवर्ड्स हीथहून येते. स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर हॉर्स्टेड केन्स किंवा शेफिल्ड पार्कला लावा, म्हणजे ही चिंताच नाही.

ईस्ट ग्रिन्स्टेडला पोचल्यावर लंडनची गाडी अर्ध्या तासाच्या अंतरानं तरी मिळतेच. रविवार असेल तर रुळांच्या दुरुस्तीमुळे तिथे बस लावलेली असू शकते, ते निघण्यापूर्वी आदल्या रात्री बघून ठेवा.